पाच नंबरचं लाल कार्ड

१२ फेब्रुवारी

ही वही माझ्या हौसेची नाही. समितीने पंचांसाठी एक मानसतज्ज्ञ नेमला आहे. वय तिशीच्या आत, दाढी कोरलेली, आजवर पन्नास हजार लोकांनी एका सुरात त्याच्या आईचा उद्धार केलेला नसावा. "रोजच्या भावना लिहून काढा, मन हलकं होतं," म्हणाला आणि फुटबॉल वर्ल्ड कपच्या संभाव्य यादीतल्या सगळ्यांना एकेक वही वाटली. मुलांना खाऊ वाटावा तशी. ती परत त्याच्या टेबलावर आपटली असती तर माझं मन तिथल्या तिथे हलकं झालं असतं. पण यादी करणारे त्याचंही मत घेतात असं ऐकलं, म्हणून लिहितो आहे.

तर भावना. तीस त्रिकुटं निवडली आहेत, त्यातली वीस जूनमध्ये जाणार. त्रिकुट म्हणजे मधला पंच आणि दोन रेषांवरचे दोन झेंडेवाले सहाय्यक. सहाय्यक गळला तर बदली मिळतो. मधला गळला की तिघंही घरी. मी मधला. वय चव्वेचाळीस. येत्या जानेवारीत पंचेचाळीस पूर्ण होतील आणि नियमाप्रमाणे छातीवरचा आंतरराष्ट्रीय बिल्ला उतरवावा लागेल. म्हणजे या जूनमध्ये नाही, तर कधीच नाही.

माझ्या डाव्या रेषेवर मास्तर. शाळेत भूगोल शिकवतो. जगाचा नकाशा तोंडपाठ, आणि स्वतः अकरा वर्षं एकाच रेषेवर पन्नास मीटर पुढे, पन्नास मीटर मागे. उजव्या रेषेवर सोनार. खरोखरचा सोनार, बाजारात दुकान आहे. तोंडाला कुलूप म्हणून नाही. कानातल्या यंत्रातून तिघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं, त्यामुळे नव्वद मिनिटं माझ्या डोक्यात सोनाराचं दुकान चालू असतं.

२८ फेब्रुवारी

धावण्याची परीक्षा. चाळीस मीटर सहा वेळा, दर वेळी सहा सेकंदांच्या आत, मग मैदानाला फेऱ्या. समितीचे सदस्य सावलीत खुर्च्या टाकून, आपापली पोटं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्यातला एक जरी फाटकापर्यंत धावला तर रुग्णवाहिका बोलवावी लागेल, आणि हे आमचा दम मोजणार.

मी पास. सोनार पास, तो धावतानाही बोलत होता. मास्तराच्या पोटरीत गोळा आला, तरी शेवटची फेरी त्याने फरफटत पुरी केली आणि गवतावर आडवा पडून हसायला लागला. "जमलं हो, साहेब! तिघंही जमलो!" मी म्हटलं, "उठा आता, लोक बघताहेत."

११ मार्च

पात्रता फेरीचा सामना. दिवसभर मी विम्याच्या कचेरीत लोकांचे दावे तपासतो. मान अवघडली म्हणून गळ्यात पट्टा घालून येणारे, आणि जिना उतरताना तो काढून पिशवीत टाकणारे. सुट्टी काढून मैदानावर जावं तर तिथेही तेच. काल एक आघाडीवीर तीनदा लोळला. चौथ्यांदा लोळायच्या आधी त्याने माझं लक्ष आहे ना, हे बघून घेतलं. असल्यांचा चेहरा बघितला की मला कळतं. वीस वर्षांची नजर आहे.

उत्तरार्धात एका पाडापाडीवर मी पेनल्टीसाठी शिट्टी तोंडाशी नेली होती, तेवढ्यात कानात मास्तर ओरडला, "बाहेर, बाहेर! रेषेच्या बाहेर!" मी फ्री किक दिली. सामन्याच्या निरीक्षकाने दहापैकी ८.६ गुण दिले. शेरा : "मोक्याच्या क्षणी पंच योग्य जागी होते." योग्य जागी असण्यावर मी वर्षभर मेहनत घेतली आहे, कोणाच्या तरी डोळ्यांत भरली म्हणायची.

३ एप्रिल, सकाळी, हॉटेलात

काल क्लबांच्या चषकाची उपांत्य लढत झाली. सत्तर मिनिटं सामना माझ्या हातात होता. मग मास्तराने झेंडा हलवला. चेंडू उजवीकडे होता, कॅमेरेही तिकडेच, आणि डावीकडे पाठीमागे एकजण तोंड धरून पडलेला. मी खेळ थांबवून मास्तराकडे गेलो. म्हणाला, "सतरा नंबर. तोंडावर बुक्की मारली. लाल."

मी वळलो. पडलेल्याच्या एका बाजूला सतरा नंबर खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. दुसऱ्या बाजूला त्याच्याच संघातला पाच नंबर. याला मी ओळखून आहे. पस्तिशीचा बचावपटू, या मोसमानंतर निवृत्त होणार म्हणून जिथे जाईल तिथे पुष्पगुच्छ घेत हिंडतो. तीन वर्षांपूर्वी एका सामन्यानंतर माझ्याशी हात मिळवताना त्याने मुद्दाम दुसरीकडे बघितलं होतं. कालही पहिल्या अर्ध्यात मला म्हणाला, "साहेब, आज घाई आहे का?" मी थेट त्याच्यापाशी जाऊन लाल कार्ड काढलं.

तो जागचा हलला नाही. "मी नव्हतो, साहेब," एवढंच म्हणाला, आवाज न चढवता. आवाज न चढवता खोटं बोलणारे माझ्या टेबलासमोर रोज बसतात. कानात मास्तर पुन्हा "सतरा, सतरा" करत होता. पण कार्ड वर गेलं होतं. साठ हजार लोकांसमोर वर गेलेला हात खाली घेतला, तर उद्यापासून कोण विचारणार?

सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत सोनाराने तोंड उघडलंच. "अहो साहेब, मास्तर सतरा म्हणाले की. माझ्या कानातसुद्धा आलं." मी म्हटलं, "तुमची रेष उजवी. डावीकडची उठाठेव करू नका." मग तो जो गप्प झाला, तो बसमध्येही बोलला नाही. चमत्कारच म्हणायचा.

३ एप्रिल, दुपारी

सामन्याचा अहवाल दुसऱ्या दिवशी बारापर्यंत द्यायचा असतो. तोवर पंचाने "खेळाडू ओळखण्यात चूक झाली" असं लिहिलं तर बंदी खऱ्या अपराध्यावर जाते आणि निरपराध सुटतो. मात्र ओळखण्यातली चूक हे पंचाचं सगळ्यात मोठं पाप. गुण आठच्या खाली जातात. आठच्या खाली गेलेला पंच जूनमध्ये घरी बसून टीव्ही बघतो.

अकरा वाजता मास्तर माझ्या खोलीत आला. इस्त्रीचा सदरा, हातात चहाचा कागदी पेला, शाळेत तपासणीला आल्यासारखा.

"साहेब, एक ओळ तर लिहायची आहे."

"त्या एका ओळीने आपला जून जाईल. तुमचाही."

"जाऊ दे की. पाच नंबरचा संघ अंतिम सामन्यात गेला आहे, तो त्याचा शेवटचा सामना."

"आणि ही माझी शेवटची स्पर्धा आहे, मास्तर. तिचं काय?"

या लोकांना दुसऱ्याच्या जिवावर उदार होता येतं. मी "पाच नंबर" लिहिलं, सही केली. सोनाराने सही केली. मास्तराने पेन हातात घेतलं, बराच वेळ कागदाकडे बघितलं, आणि त्यानेही सही केली. एवढीच ती तत्त्वं.

७ एप्रिल

घरी. पाच नंबरच्या क्लबाने अपील केलं आहे, आणि पुराव्यात जी चित्रफीत जोडली आहे तिच्यात कोपऱ्यात तीन धूसर ठिपके दिसतात. त्यातला एक तोंड धरून पडतो. यावरून देवालाही काही कळायचं नाही.

सासरे आमच्याकडेच असतात. ऐंशीच्या घरात आहेत, टीव्हीचा आवाज पूर्ण चढवून सामने बघतात आणि घरात पंच बसला आहे हे विसरून पंचाला शिव्या देतात. आज जेवताना म्हणाले, "त्या पाच नंबराच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं हो, जावईबापू." मी म्हटलं, "चेहऱ्यावरून कळत नसतं, मामा." बायको औषधांच्या दुकानात काम करते, चिठ्ठीवर डॉक्टरचं अक्षर लागलं नाही तर फोन करून विचारते, दहादा विचारते, त्याशिवाय गोळी देत नाही. ती म्हणाली, "मास्तरभाऊजी काहीतरी सांगत होते ना तुम्हाला? टीव्हीवर दिसले."

मी नीट आठवून बघितलं. तो गोंगाट, ती घाई. मास्तर काहीतरी म्हणाला खरा, पण नंबर त्याने ठामपणे सांगितला होता असं म्हणता येणार नाही. ठाम सांगितला असता तर मी ऐकला नसता का?

१० एप्रिल

समितीचं पत्र आलं. वाचताना आधी डोक्यात तिडीक गेली. मास्तराने मला न विचारता स्वतंत्र निवेदन पाठवलं होतं! अकरा वर्षं सोबत खाल्लं-प्यायलं, आणि पाठीमागून वार. पुढे वाचलं तर प्रकार वेगळाच. मास्तराने लिहिलं आहे : "मी मुख्य पंचांना चुकून पाच नंबर सांगितला. बुक्की सतरा नंबरने मारली होती. चूक सर्वस्वी माझी आहे."

पाच नंबरची बंदी उठली. सतरा नंबर तीन सामने बाहेर. मास्तर संभाव्य यादीतून बाद, आंतरराष्ट्रीय बिल्ला काढून घेतला. माझ्याबद्दल एकच वाक्य : "मुख्य पंचांनी सहाय्यकाच्या सूचनेनुसार योग्य कृती केली." गुण ८.४.

म्हणजे तेच. मी म्हणतच होतो की गोंधळ त्याच्या बाजूने झाला. त्याने पाच सांगितलं, मी पाचला कार्ड दिलं. आता स्वतःच्या सहीने कबूल करतो आहे, यापेक्षा आणखी काय पुरावा हवा? पोटरीत गोळे येण्याचं वय झालं की डोक्यातही येतात. वाईट वाटलं, अकरा वर्षं हा गृहस्थ माझ्या डाव्या बाजूला होता, आणि मी बिनधास्त होतो.

बायकोला पत्र वाचून दाखवलं. तिने ते मागून घेतलं आणि स्वतः वाचलं.

१४ एप्रिल

अंतिम सामना घरी बघितला. पाच नंबर पूर्ण वेळ खेळला. त्याचा संघ हरला, तरी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि तो लहान मुलासारखा रडला. पैसे घेऊन चेंडू लाथाडणाऱ्यांचं हे कौतुक. पंच निवृत्त होतो तेव्हा त्याच्या हातातली शिट्टीही समिती मोजून परत घेते. सासरे डोळे पुसत होते. मी बाहेर जाऊन गाडी धुतली.

२७ एप्रिल

आज मास्तराला माफ करून आलो. कोणी सांगितलं नव्हतं, पण अशा वेळी मोठेपणा आपण दाखवायचा असतो.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. टेबलावर मुलांचे भरलेले नकाशे तपासायला पडलेले. वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं आणि आत निघून गेल्या. एरवी त्या मला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मी मास्तराला म्हटलं, "झालं गेलं विसरून जा. चूक कोणाकडूनही होते. माझ्या मनात काही नाही."

त्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली. "कोणती चूक, साहेब?"

"नंबराची. तुम्हीच लिहिलंत ना?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. रागाने बघितलं असतं तर मी समजू शकलो असतो. मग नापास पोराला धडा समजावतात तसा सावकाश बोलला. "तुमच्याविरुद्ध लिहिलं असतं तर चौकशी बसली असती. तुमचा शब्द आणि माझा शब्द, महिनाभर. अंतिम सामना चार दिवसांवर होता. माझी चूक म्हटल्यावर पाच नंबर एका दिवसात सुटला. तुम्ही राहिलात, सोनार राहिला. एवढंच होतं."

"तुम्ही मला पाच सांगितलं होतंत, मास्तर."

"बरं," तो म्हणाला आणि पेन्सिल पुन्हा उचलली. "नद्या सगळ्या उलट्या वाहवल्यात हो पोरांनी," असं नकाशाकडे बघत म्हणाला. मला दारापर्यंत सोडायलाही उठला नाही.

माणूस स्वतःच्या चुकीला त्यागाचं रूप देतो, आणि वर आपणच उपकार केल्याचा आव आणतो. एवढा घमेंडी निघेल असं वाटलं नव्हतं. येताना दोनदा वाट चुकलो. सगळीकडे रस्ते खणून ठेवलेत.

घरी बायकोने विचारलं, "मागितलीत का माफी?"

"मागायला नाही, द्यायला गेलो होतो."

"अहो," ती म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. हल्ली सगळे माझ्याकडे बघत बसतात.

१५ मे

यादी लागली. वीस त्रिकुटांत आमचं सतरावं... नाही, अठरावं. दोनदा मोजलं. सकाळपासून फोन खणखणतो आहे. एप्रिलमध्ये ओळख न दाखवणारे समिती सदस्य आज "आपला माणूस" म्हणताहेत. मानसतज्ज्ञानेही अभिनंदन केलं आणि नव्या पंचांपुढे "निर्णयातला ठामपणा" या विषयावर बोलाल का, असं विचारलं. हो म्हटलं.

डाव्या रेषेवर कोणी नवा दिला आहे, समितीच्या चिटणीसांचा जावई. झेंडा लग्नात मिळाला असावा. सोनाराला फोन केला. "अभिनंदन, साहेब," म्हणाला. मी पुढच्या बडबडीसाठी फोन कानापासून लांब धरला, पण त्याचं बोलणं संपलं होतं.

९ जून

शिबिर. चौकोनी खोल्या, पांढऱ्या भिंती, दर दोन तासांनी कोणीतरी वजन करतं. सरावाच्या सामन्यांत सोनार अगदी पुस्तकाप्रमाणे वागतो. विचारलं तर "हो", "नाही", "बाहेर", "आत". विचारलं नाही तर काही नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या कानाला शांतता मिळाली. मास्तर गेल्यापासून त्रिकुटाला शिस्त आली, हे मान्य करायला हवं.

२० जून

सविस्तर लिहायला हवं.

काल आमचा पहिला सामना झाला. ब्याऐंशीव्या मिनिटापर्यंत बरोबरी. उजवीकडून कॉर्नर आला, गर्दीत उसळला, एकाने उडी मारली आणि चेंडू जाळ्यात. मला त्याची फक्त पाठ दिसली. गोल नियमात असला की रेषेवरचा सहाय्यक मध्यरेषेकडे पळत सुटतो. काही खटकलं असलं की जागेवर उभा राहतो. ही आमची पहिल्या दिवसापासूनची रीत. सोनार जागेवर उभा होता. हे मी बघितलं. पण गोलची खूण करत माझा हात तोवर मध्याकडे गेला होता. मला वाटलं, काही असेल तर बोलेल. कानात नुसती खरखर. मी शिट्टी वाजवली आणि गोल दिला. मग सोनार पळाला.

तो गोल हाताने ढकललेला होता. पाच मिनिटांत मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्या जगाने तो हात बघितला, पाचही बोटं मोजता येतील असा. हरलेला संघ स्पर्धेबाहेर गेला. आज सकाळी नाश्त्याच्या दारावर परत जाणाऱ्यांची यादी चिकटवली होती. आमचं त्रिकुट पहिलंच. चिटणीसांच्या जावयाला दुसऱ्या त्रिकुटात घेतलं आहे.

मी तसाच सोनाराच्या खोलीत गेलो. तो पलंगावर बॅग ठेवून कपड्यांच्या घड्या करत होता.

"हात दिसला होता?"

"दिसला."

"स्पष्ट?"

"तुम्ही आत्ता दिसताय तितका."

"मग बोलला का नाहीत? एक शब्द! तोंडाला कुलूप लागलं होतं का?"

त्याने मोज्यांची जोडी जुळवली, बॅगेच्या कोपऱ्यात सारली. "मास्तर बोलले होते की, साहेब. एकदा नाही, तीनदा बोलले. त्यांचं काय झालं ते मी बघितलं."

मी म्हटलं, "मास्तर पाच म्हणाला होता."

खरं तर मी विचारलं. माझं वाक्य मलाच प्रश्नासारखं ऐकू आलं. सोनार घडी अर्धवट टाकून थांबला.

"तुम्हाला खरंच तसं वाटतं?" त्याला माझी कीव आली असावी. "साहेब, मी तिथे सही केली. मला विचारू नका."

मला माहीत होतं. वहिनी पाणी ठेवून आत गेल्या तेव्हा माहीत होतं, पत्र बायकोला वाचून दाखवताना माहीत होतं, मास्तराने तोंड उघडायच्या आधी मी त्या पाच नंबराकडे बघितलं होतं हेही माहीत होतं. जगातला प्रत्येक खोटा दावा मला चेहऱ्यावरून कळतो म्हणून मिरवणारा मी. माझ्याकडे असा दावा आला असता तर पहिल्या कागदावर नामंजूर केला असता. लाज वाटली. कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली.

बारापर्यंत अहवाल द्यायचा होता. "सहाय्यकाने सूचना दिली नाही" असं लिहिलं असतं तर ते शब्दशः खरं होतं, निम्मा दोष गेला असता, कदाचित जानेवारीपर्यंत बिल्लाही टिकला असता. पेन तिथे दोन मिनिटं अडलं, हेही लिहून ठेवतो. मग लिहिलं : "मला हात दिसला नाही. सहाय्यक जागेवर उभे असताना मी थांबलो नाही. चूक माझी आहे."

कागद सोनाराकडे सहीला नेला. त्याने तो उभ्याउभ्या वाचला, मग पलंगावर बसून पुन्हा वाचला, आणि सही करून माझ्या हातात दिला.

"चांगलं लिहिलंत, साहेब," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये यातली एकच ओळ पाहिजे होती."

मग बॅग उचलून तो खाली बसकडे गेला.